गुन्ह्याची कारणे आणि फाटकावरची झडती



माणसे गुन्हा का करतात, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. या विषयावर बोलण्याचा अधिकार खरे म्हणजे एखाद्या वकिलाचा, पोलीस अधिकाऱ्याचा किंवा मानसशास्त्राच्या प्राध्यापकाचा. आम्ही यांपैकी कोणीच नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. त्यापुढचे जे काही शिक्षण झाले ते सातपूरच्या कारखान्यांच्या फाटकांवर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि १८४० सालापासून या गावाला वाचनाची गोडी लावणाऱ्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा आमच्या बोलण्यात पंडितांची नावे येतील ती वाचून माहीत झालेली, आणि कामगारांची उदाहरणे येतील ती डोळ्यांनी पाहिलेली. या दोहोंची सांगड कितपत बसते ते आपण ठरवावे.

एखाद्या कॉलनीत घरफोडी होते. पोलीस येऊन पंचनामा करून जातात आणि मग कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी चार माणसे जमतात. एक म्हणतो, ‘हे त्यांच्या रक्तातच असते.’ दुसरा म्हणतो, ‘पोटाला नसले की माणूस काय करील?’ तिसरा म्हणतो, ‘सगळा संगतीचा परिणाम.’ चौथा म्हणतो, ‘धाक राहिला नाही, दुसरे काय!’ हे चौघे आणि युरोप-अमेरिकेतले गुन्हाशास्त्रज्ञ यांच्यात फरक एवढाच, की पंडितांनी हीच चार वाक्ये जाडजूड ग्रंथांतून, मोजमापे देऊन मांडली. यात पंडितांची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. पण टपरीवरच्या पहिल्या माणसाचे मत जर सरकारचे मत झाले तर काय होते, हे आपल्या महाराष्ट्राने पाहिलेले आहे. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करू.

इटलीत चेझारे लोंब्रोसो नावाचा एक डॉक्टर होऊन गेला. तुरुंगातल्या कैद्यांची डोकी, जबडे आणि कान तो मोजत असे. एका दरोडेखोराची कवटी तपासताना तिच्या तळाशी त्याला एक खळगा दिसला, आणि त्यावरून त्याने असे अनुमान बांधले, की गुन्हेगार हा जन्मतःच वेगळा, उत्क्रांतीत मागे राहिलेला मनुष्यप्राणी असतो. १८७६ साली त्याचा ग्रंथ निघाला आणि त्याचे नाव जगभर झाले. पुढे १९१३ साली इंग्लंडात चार्ल्स गोरिंग याने सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे इतर माणसांशी ताडून पाहिली, तेव्हा गुन्हेगाराचा असा काही निराळा शारीरिक साचा नसतो असे आढळले. विद्वानांपुरता तो वाद तेथे बराचसा मिटला.

आपल्याकडे मात्र इंग्रज सरकार लोंब्रोसोच्या ग्रंथासाठी थांबले नव्हते. त्याच्या पाच वर्षे आधी, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा पास झाला होता. त्यामागचा तर्क मोठा सरळ होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो. तेव्हा चोराचा मुलगा चोरच होणार! हा कायदा आधी उत्तरेकडे लागू झाला आणि १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, भामटे, मांग-गारुडी, कंजारभाट अशा जमातींवर त्याचा शिक्का बसला. नोंद झालेल्या माणसाने ठरल्या वेळी हजेरी द्यायची, बोटांचे ठसे द्यायचे, गाव सोडायचे तर पास घ्यायचा. पासाशिवाय हद्दीबाहेर सापडला तर तोच गुन्हा. चोरी केली की नाही, हा प्रश्न कोणी विचारायचे कारणच उरले नाही. मूल पाळण्यात होते तोवरच संशयित झालेले असे.

सोलापुरात या लोकांसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. ‘सेटलमेंट’ हे त्या भागाचे नाव सोलापूरकरांच्या तोंडी अजून आहे. वसाहतीतली माणसे शहरातल्या कापडगिरण्यांत कामाला जात आणि पाळी सुटली की हजेरीसाठी पुन्हा कुंपणाच्या आत येत. सरकारी अधिकारी याला सुधारणा म्हणत. आळशाला उद्योग लावला, असा त्यांचा दावा. आम्ही संघटनेतली माणसे. आमचे लक्ष दुसरीकडे जाते. ज्या कामगाराला गिरणी सोडून दुसरीकडे जाता येत नाही, ज्याची दांडी थेट पोलिसांच्या वहीत चढते, तो कोणत्या मालकाला नको असेल? सिद्धांत रक्ताचा होता, पण सोय रोखीची झाली.

आणि या सिद्धांताची खुबी पाहा. ज्याला पासाशिवाय हलता येत नाही त्याला मोलमजुरी कोण देणार? ज्याच्या मागे पोलीस हिंडतो त्याला गावात राहायला जागा कोण देणार? मग त्यांतला एखादा उपाशी माणूस रात्री शेतातले कणीस तोडतो, आणि सरकार म्हणते, ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ असा हा स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करणारा सिद्धांत होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला आणि या जमातींना ‘विमुक्त’ म्हणू लागले. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा वेगळा कायदा आला, आणि पाटीवरचे नाव बदलले तरी ठाण्यातल्या नजरा त्याच राहिल्या. लातूरच्या सूतगिरणीत काम केलेल्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले, तेव्हा पांढरपेशा वाचकाला ही नजर अंगावर कशी पडते ते प्रथम कळले. तुरुंगांच्या नियमावल्यांतून विमुक्त जमातींना सराईत समजणारी कलमे होती. ती घटनाबाह्य आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगितले. म्हणजे कायदा गेल्यावर बहात्तर वर्षांनी!

आता मौज अशी, की त्याच इंग्रज सरकारपाशी त्याच दशकात दुसराही एक सिद्धांत होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी उठले आणि सावकारांच्या दुकानांतून, घरांतून कर्जरोखे व वह्या काढून त्यांनी जाळल्या. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरले. राग मुख्यतः कागदांवर होता. माणसांच्या अंगावर हात त्या मानाने थोडा पडला. सरकारने अटका केल्याच, पण त्याचबरोबर एक आयोगही नेमला. आयोगाने कर्ज किती, व्याज किती, साऱ्याचा बोजा किती, दिवाणी कोर्टात सावकाराला एकतर्फी हुकूमनामे कसे मिळतात, याची चौकशी केली. आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. या दंगेखोरांच्या कवट्या कोणी मोजल्या नाहीत. कारणे शोधली आणि कारणांवर, अपुरा का होईना, इलाज केला.

हा भेद का झाला असावा? आमच्या मते त्याचे उत्तर साऱ्यात आहे. कुणबी जमिनीचा सारा भरत होता. तो बुडाला तर सरकारी तिजोरी बुडणार होती. पारध्याकडून तिजोरीत काही पडत नव्हते. उलट १८७८ च्या जंगल कायद्याने त्याचे रान सरकारच्या ताब्यात गेले आणि त्याची पिढ्यान् पिढ्यांची शिकार हाच गुन्हा ठरू लागला. त्याच्याबाबत ‘का?’ हा प्रश्न विचारणे महाग पडले असते, ‘कोण?’ एवढेच विचारणे स्वस्त होते.

गुन्हा कशाला म्हणायचे, हे तरी कुठे पक्के आहे? अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे यांनी आपल्याच नगर-नाशिकच्या डोंगरपट्ट्यात सावकारांविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध उठाव केला. सरकारी कागदांत ते दरोडेखोर होते, आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. आज आपण त्यांना क्रांतिकारक म्हणतो. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली एका कैद्याने आईवरचे पुस्तक लिहिले. तो कैदी म्हणजे साने गुरुजी.

आणि दूर कशाला जाता? ही व्याख्यानमाला ज्यांच्या नावाच्या पटांगणावर भरते, ते यशवंतराव महाराज कोण होते? सटाण्याचे मामलेदार. दीडशे वर्षांपूर्वी बागलाणात दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांना वाटून टाकला, असे लोक सांगतात. रक्कम एक लाख सत्तावीस हजार रुपये सांगतात. वरिष्ठ तपासणीला आले तेव्हा खजिन्यातला एक पैसाही कमी भरला नाही, अशी पुढची आख्यायिका आहे. ज्याची जशी श्रद्धा तशी त्याने ती घ्यावी. आमचे म्हणणे एवढेच, की दंडविधानाच्या पुस्तकात अशा कृत्याला सरकारी पैशाचा अपहार म्हणतात, आणि लोकांनी त्या मामलेदाराला देव म्हटले. कायदा आणि लोकांचा न्याय यांत एवढे अंतर पडू शकते.

आता टपरीवरच्या दुसऱ्या माणसाकडे वळू. ‘पोटाला नसले की माणूस काय करील?’ हे वाक्य कामगारांच्या सभेत म्हटले की टाळी हमखास पडते. हॉलंडच्या विलेम बाँगर या विद्वानाने विसाव्या शतकाच्या आरंभी यावर मोठा ग्रंथ लिहिला. भांडवलशाही माणसाला स्वार्थी करते, आणि गुन्हा हे त्या स्वार्थाचे फळ आहे, असे त्याचे प्रतिपादन. यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु गरिबी म्हणजे गुन्ह्याची खाण, असे सरसकट म्हणणे हा गरिबांचा अपमान आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. लोंब्रोसोने रक्त म्हटले, यांनी खिसा म्हटले. बोट पुन्हा वस्तीकडेच गेले.

याचा पडताळा मुंबईत मिळतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वर्ष उलटून गेले, संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि हजारोंची नोकरी कायमची गेली. त्यानंतर गिरणगावातली काही पोरे टोळ्यांत गेली, हे खरे आहे. वर्तमानपत्रांनी आणि सिनेमांनी तेवढेच उचलून धरले. पण बाकीच्यांचे काय? कोणी कोकणात आणि साताऱ्याकडे परतले, कोणी भिवंडीच्या यंत्रमागावर गेले, कोणी दादरला भाजी विकली, कोणी रखवालदाराचा दंडुका हातात घेतला. बायकांनी खानावळी चालवून मुले शिकवली. पोटाला नव्हते ते सगळ्यांच्याच. तरी चोरीला निघाली ती मूठभर माणसे.

म्हणून अमेरिकेतल्या ट्रॅव्हिस हिर्शी या समाजशास्त्रज्ञाने १९६९ साली प्रश्न उलटा केला तो आम्हाला फार मोलाचा वाटतो. माणसे गुन्हा का करतात हे विचारण्याऐवजी, बहुतेक माणसे तो का करत नाहीत, हे विचारा, असे त्याने म्हटले. त्याचे उत्तर असे, की आईबाप, शाळा, कामधंदा, शेजार अशा धाग्यांनी माणूस बांधलेला असतो, आणि हे धागे तुटले की तो सुटतो. गिरणगावात हे धागे होते. एका खोलीत गावातले पंधरा गाळेकरी होते, भजनी मंडळ होते, व्यायामशाळा होती, युनियनची चौकी होती. चाळीतल्या पोराने काही वेडेवाकडे केले तर बापाच्या आधी शेजारची मावशी कान धरत असे. आणि जी पोरे टोळीत गेली त्यांच्यापाशी दुसराच धागा आला: कोपऱ्यावरचा ‘भाई’, जो फी भरी, बहिणीच्या लग्नाला पैसे देई आणि पाठीवर हात ठेवी. येथे टपरीवरचा तिसरा माणूस खरा ठरतो. एडविन सदरलंड म्हणत असे, की गुन्हा शिकावा लागतो. त्यालाही वस्ताद लागतो, शागिर्दी लागते. वर्कशॉपमध्ये पोरगा फिटरच्या हाताखाली काम शिकतो, तसेच हे.

चौथ्या माणसाला, धाकवाल्याला, आम्ही फार वेळ देणार नाही. २०२२ सालाअखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती आणि त्यांतली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. चारांतल्या तिघांवरचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता. जामीन मिळूनही जामीनदार न मिळाल्यामुळे आत राहिलेली माणसे आम्ही नाशिकरोडला पाहिली आहेत. धाक कोणाला बसतो? ज्याला जामीनदार नाही त्याला. उलट आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला, औंध संस्थानात, १९३९ साली भिंतीवाचून कैद्यांची वसाहत सुरू झाली. शांतारामबापूंचा १९५७ चा ‘दो आंखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचला. ती वसाहत पुढेही चालत राहिली. धाकवाल्यांनी एकदा तिकडे जाऊन यावे.

परंतु सदरलंडचे खरे मोठे काम पुढेच आहे. १९३९ साली त्याने आपल्याच विद्वान मंडळींसमोर विचारले, की तुम्ही गुन्ह्याचे सिद्धांत बांधता ते तुरुंगातली माणसे पाहून. मग कंपनीच्या दिवाणखान्यात होणाऱ्या गुन्ह्यांचे काय? तेथे ना गरिबी आहे, ना कवटीतला खळगा. त्याने अमेरिकेतल्या ७० मोठ्या कंपन्यांचे दप्तर तपासले आणि न्यायालयांनी व सरकारी मंडळांनी त्यांच्याविरुद्ध दिलेले ९८० निकाल मोजले. कंपनीमागे सरासरी १४! त्याला तो ‘पांढरपेशा गुन्हा’ म्हणतो. १९४९ साली ग्रंथ निघाला, पण प्रकाशकाने कंपन्यांची नावे गाळायला लावली. नावांसह ग्रंथ यायला १९८३ साल उजाडले. पाकीटमाराचा फोटो मात्र ठाण्याच्या फळ्यावर दुसऱ्या दिवशी लागतो.

नाशिककरांना याचे उदाहरण बाहेर शोधायला नको. नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस १९२५ सालची. मुद्रांक छापणारे गाव म्हणून आपल्याला तिचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. तेथल्या कामगाराची रोज आत येताना-जाताना झडती होते हे साऱ्या गावाला माहीत आहे. त्याच प्रेसमधून निकाली काढलेली यंत्रे अब्दुल करीम तेलगी याच्या हाती गेली आणि देशभर खोटे मुद्रांक पसरले. २००१ साली त्याला अटक झाली, शिक्षा झाली आणि २०१७ साली शिक्षा भोगत असतानाच तो वारला. तेलगी हा खानापूरकडचा, लहानपणी रेल्वेत फळे विकणारा मुलगा. ‘बघा, गरिबी!’ असे कोणी म्हणेल. पण फळवाल्या पोराच्या गरिबीने यंत्रे मोडीतून बाहेर काढली काय? ते मुद्रांक झोपडपट्टीत खपले नाहीत. बँका, विमा कंपन्या आणि शेअर दलाल यांच्याकडे गठ्ठ्यांनी खपले. बड्या पोलीस अधिकाऱ्यांना अटका झाल्या. त्यांतले काही पुढे दोषमुक्तही झाले. आम्ही म्हणतो, ती सारी वर्षे कामगाराचा डबा उघडून पाहिला जात होता, आणि माल गेला तो कागदांवर सह्या होऊन.

म्हणजे गुन्ह्याचा प्रत्येक सिद्धांत हा फाटकावरच्या रखवालदाराला दिलेला हुकूम असतो, की अमुक माणसाला थांबव, तमुकाला जाऊ दे. सिद्धांत खरा की खोटा हे विद्वान ठरवतील, पण त्याने थांबवले कोणाला, हे आपल्याला फाटकावर उभे राहून पाहता येते.

आम्ही पाहिले ते सांगतो. आमची युनियन असलेल्या एका कारखान्यात पितळी बुश आणि तांब्याचा भंगार कमी भरू लागला. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. कंत्राटदाराकडे एक पारधी तरुण हेल्पर होता. बारावी झालेला, वेळेवर येणारा. संशय कोणावर आला हे सांगायला नकोच. त्याच्याजवळ काही सापडले नव्हते. कायम कामगार असता तर चार्जशीट मिळाली असती, चौकशी झाली असती, साक्षीपुरावा झाला असता. कंत्राटी असल्यामुळे एका सकाळी त्याला गेटबंद केले, इतकेच. कायम कामगारांतलेही काही जण आम्हाला म्हणाले, ‘साहेब, कशाला त्याच्यासाठी भांडता? त्यांचे ते असेच.’ पहिल्या माणसाचा सिद्धांत मालकाच्या केबिनमध्येच राहतो असे थोडेच आहे!

आम्ही एकच मागणी लावून धरली: भंगाराच्या गाडीच्या वजनाच्या चिठ्ठ्या दाखवा. चार महिने लागले. चिठ्ठ्या आल्या तेव्हा दिसले, की रिकाम्या गाडीचे वजन दर वेळी फुगवून लिहिले जात होते. भंगारवाला आणि स्टोअरमधला एक अधिकारी यांचा तो उद्योग होता. अधिकाऱ्याने प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. पोलिसात तक्रार झाली नाही. कंपनीची अब्रू जाईल, असे आम्हाला सांगण्यात आले. त्या तरुणाचा पत्ता शोधत आम्ही पेठ रस्त्यावरच्या वस्तीत गेलो. तो सुरतेकडे कामाला गेला होता. त्याच्या आईने विचारले, ‘आता पोलीस येणार नाहीत ना?’

पुढच्या करारात आम्ही झडतीचे कलम घातले. फाटकावर एक बटण बसवायचे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाने ते दाबायचे; हिरवा दिवा लागला तर जायचे, लाल लागला तर झडती द्यायची. कोणाला लाल लागेल हे यंत्र ठरवील. रखवालदाराने चेहरा पाहायचा नाही, आडनाव विचारायचे नाही. कंपनीने ते मान्य केले आणि पायी जाणाऱ्या सर्वांना, कारकुनांपासून हेल्परपर्यंत, ते लागू झाले. अधिकाऱ्यांच्या मोटारी दुसऱ्या फाटकाने जातात. तेथे अजून बटण बसलेले नाही. चालू मागणीपत्रात ती मागणी नवव्या क्रमांकावर आहे.